आजी आणि बंड्या: एकाच घरात दोघांनाही दिसत नाही, दोघांनाही ऐकू येत नाही

घर डोंबिवलीतलं, पाचव्या मजल्यावरचा वन बीएचके. हे कुणा एका कुटुंबाचं प्रकरण नाही. अशा घरांत पुन्हा पुन्हा जे आढळतं ते इथे एका पत्त्यावर आणून मांडलं आहे. आजी ८१ वर्षांच्या. मुलगा-सून दोघंही नोकरीला, नातू दहावीत. बंड्या १२ वर्षांचा. सोसायटीत सगळे त्याला पॉमेरियन म्हणतात, जात खरं तर इंडियन स्पिट्झ. सकाळी साडेआठपासून दुपारी नातू शाळेतून येईपर्यंत घरात आजी आणि बंड्या दोघंच. मध्ये तासभर भांड्याला मावशी येतात, तेवढंच.

प्रकरण उभं राहिलं ते एका चाव्यामुळे. रात्री तीनच्या सुमारास आजी बाथरूमला उठल्या, पाय थेट पलंगालगत झोपलेल्या बंड्याच्या अंगावर पडला, आणि त्याने पोटरीला चावा घेतला. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुतली, सकाळी डॉक्टरांना दाखवून रेबीजची लस सुरू केली. घरच्या कुत्र्याला दरवर्षी लस टोचलेली असली तरी हे दोन्ही करायचंच, त्यात घासाघीस नाही. मग घरात निकाल लागला तो असा: कुत्रा म्हातारपणी चिडका झाला आहे, त्याला कुठेतरी ठेवून यावं, आणि आजींना हल्ली काही कळेनासं झालं आहे, हा विसरण्याचा आजार असणार.

दोन्ही निदानं चुकीची होती, आणि कारण एकच होतं. बंड्या झोपेत असताना त्याच्यावर अचानक काहीतरी कोसळलं. आजींनाही खाली कुत्रा आहे याची काही चाहूल नव्हती. ज्याला दिसत नाही त्याला पावलांचा आवाज सावध करतो, ज्याला ऐकू येत नाही त्याला सावली दिसते. दोन्ही गेलं की जग थेट अंगावर येतं, आगाऊ वर्दी न देता. या घरात पुढे जे जे केलं ते ही वर्दी परत आणण्यासाठी.

आधी तपासण्या, मग उपाय

आजींच्या उजव्या डोळ्याची नजर काचबिंदूने जवळजवळ संपलेली. डाव्या डोळ्यालाही काचबिंदू, पण औषधाच्या थेंबांवर आटोक्यात. तिथे मोतीबिंदू मात्र पूर्ण पिकलेला. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, मोतीबिंदूची येते. हा फरक घरात कुणी नीट समजावून सांगितला नव्हता, त्यामुळे 'या वयात कशाला ऑपरेशन' म्हणून वर्ष गेलं होतं.

कानांचं प्रकरण जास्त बोलकं. घरचे सांगत होते की दोन महिन्यांत आजींचं ऐकणं एकदम गेलं. पण चार वर्षांपूर्वीचा ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणतपासणीचा आलेख, आणि आताचा शेजारी ठेवले तर फरक होता जेमतेम १० डेसिबलचा, आणि दोन्ही कानांत मळ घट्ट बसलेला. मळ काढल्यावर त्यातला बराचसा फरक निघून गेला. आताचा ऐकण्याचा उंबरठा, म्हणजे जेमतेम ऐकू येणारा आवाज, सरासरी ६५ डेसिबल. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं, म्हणजे आजींना शेजारी बसून बोललेलंही धूसरच पोचत होतं, आणि ते गेली काही वर्षं तसंच होतं. मग दोन महिन्यांत गेलं काय?

गेली ती डाव्या डोळ्याची नजर. म्हातारपणी ऐकू कमी येतं ते सगळ्या आवाजांचं सारखं नाही. वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, म्हणजे स, श, ख, फ, थ ही व्यंजनं; स्वर बराच काळ टिकतात. 'सात', 'हात', 'खात' तिन्ही कानाला 'आत' असेच लागतात. उरलेलं माणूस ओठांवरून, चेहऱ्यावरून भरून काढतं, आणि आपण असं करतो हे त्यालाही माहीत नसतं. आजी वर्षानुवर्षं डोळ्यांनी ऐकत होत्या. मोतीबिंदू पिकला तसा तो आधार सुटला आणि घरच्यांना वाटलं कान गेले. मग सगळे मोठ्याने बोलू लागले. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजनं तितकीच पुसट राहतात, शिवाय ओरडणाऱ्याच्या ओठांचा आकारही बिघडतो. आजी चुकीची उत्तरं देऊ लागल्या, आणि चुकीची उत्तरं म्हणजे भ्रम असा अर्थ लागला. स्मरणशक्तीच्या चाचण्याही बहुतेक बोलून किंवा कागदावर घेतल्या जातात. ज्याला प्रश्नच पोचला नाही त्याचे गुण कमीच येणार. म्हणून श्रवणयंत्र आणि चष्मा लावल्याशिवाय ती चाचणी घेऊ नये. उलट बाजूही खरी आहे: 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४च्या अहवालात डिमेन्शियाच्या, म्हणजे विसरण्याच्या आजाराच्या, टाळता येण्याजोग्या जोखमींत श्रवणदोषासोबत उपचार न केलेला दृष्टिदोषही घातला. दुर्लक्ष करायलाही वाव नाही.

बंड्याची कहाणी याच वळणाची. घरच्यांच्या मते तो 'एका महिन्यात आंधळा झाला'. नीट विचारल्यावर कळलं की दोन वर्षांपासून संध्याकाळी जिना उतरायला तो कां-कूं करत होता आणि रात्री त्याचे डोळे टॉर्चच्या उजेडात पूर्वीपेक्षा जास्त चमकायचे. डोळ्याचा पडदा हळूहळू झिजण्याचा जो आनुवंशिक विकार असतो, त्याची ही नेहमीची लक्षणं. आधी रात्रीची नजर जाते, मग दिवसाची. घर पाठ असल्यामुळे तो वावरत राहिला आणि हाका ऐकून येत राहिला. ऐकणं गेलं तेव्हा आंधळेपण उघडं पडलं. डोळ्यात पांढरा मोतीबिंदू दिसत होता म्हणून ऑपरेशनची चौकशी झाली, पण पडद्याची विद्युत तपासणी, म्हणजे ईआरजी, सपाट आली. पडदा मेलेला असेल तर भिंग बदलून उपयोग शून्य. ही तपासणी न करता कुत्र्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेऊ नये.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर डोळ्यासमोर हात हलवू नका. वाऱ्याची झुळूक लागून कुत्रा डोळे मिटतो आणि दिसतं असं वाटतं. कापसाचा बोळा त्याच्या नाकासमोरून हळूच खाली टाकायचा. त्याला आवाज नाही, वारा नाही. दिसत असेल तर नजर मागोमाग जाते. ऐकण्यासाठी कुत्रा झोपलेला असताना दुसऱ्या खोलीतून ताट-चमचा वाजवायचा; जवळ जाऊन टाळी वाजवली तर हवेचा धक्का आणि वास दोन्ही घोटाळा करतात. आणि नजर दोन-तीन दिवसांत गेली, डोळा लाल आहे, बुबुळ निळसर-धुरकट आहे, कुत्रा डोकं घासतो, तर हे वाचत बसू नका. डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो आणि तो त्याच दिवशी पाहायचा असतो.

क्रम का महत्त्वाचा

ठरलेला क्रम: कानातला मळ, मग डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू, मग श्रवणयंत्र. यंत्र आधी घेतलं असतं तर आजींना ते हाताळताच आलं नसतं, आणि महिनाभरात ते खणात गेलं असतं. तिथे आधीचं एक पडलेलं होतंच.

एका गोष्टीचा विचार मात्र ऑपरेशनच्या तारखेआधी करायला हवा होता, आणि सुदैवाने झाला. एकुलत्या कामाच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे पट्टी असेपर्यंत माणूस पूर्ण अंध आणि जवळजवळ पूर्ण बहिरं. रात्री जाग आली तर आपण कुठे आहोत, शेजारी कोण आहे, काही कळत नाही. वयस्क माणसं अशा वेळी घाबरून पट्टी ओढतात. म्हणून दहा दिवस आधीपासून स्पर्शाच्या खुणा बसवल्या, डॉक्टरांना पट्टीऐवजी पारदर्शक कवच चालेल का ते विचारलं (बऱ्याचदा लवकर चालतं), आणि पहिल्या दोन रात्री सून शेजारी झोपली, तिच्या हाताला आजींचा हात सहज लागेल अशी. बंड्या तेवढे दिवस हॉलमध्ये, दारात लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक लावून. तो रडला. बहिऱ्या कुत्र्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने तो आवाज आवरतही नाही, त्यामुळे शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

स्पर्शाच्या खुणा

माणसासाठी असोत की कुत्र्यासाठी, नियम एकच: आधी वर्दी, मग स्पर्श, मग थांबणं, मग काम. थांबणं सगळ्यात जास्त विसरलं जातं.

आजींसाठी ठरलं ते असं. समोरून यायचं. दंडाच्या बाहेरच्या बाजूला तळहात सपाट टेकवायचा, बोटांनी टोचायचं नाही, आणि दोन-तीन सेकंद तसाच ठेवायचा. मग आपली ओळख: सुनेच्या हातातल्या पाटल्या, मुलाचं घड्याळ, नातवाच्या मनगटावरचा जाड धागा. आजींचा हात त्यावर नेऊन ठेवायचा नाही. आपला हात त्यांच्या हाताखाली सरकवायचा आणि त्यांना स्वतःहून चाचपू द्यायचं. हात धरून ओढत नेलं की माणूस पुतळ्यासारखं ताठ होतं, कारण ज्या हातांनी जग कळतं तेच आपण पकडून ठेवलेले असतात. जाताना 'आई, मी ओट्यापाशी जाते' हे खुणेने सांगून जायचं. नाहीतर आजी रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतात, आणि ते लक्षात आल्यावर दिवसभर बोलत नाहीत.

भांड्याला येणाऱ्या मावशींनाही हे सगळं शिकवलं. त्यांची ओळख हिरव्या काचेच्या बांगड्या, किणकिणणाऱ्या नव्हे, हाताला लागणाऱ्या. घरात रोज येणाऱ्या एकालाही हे ठाऊक नसेल तर आजींचा सगळ्याच स्पर्शांवरचा भरवसा उडतो.

यंत्र नसताना नेमकं काही सांगायचं तर तळहातावर लिहायचं. देवनागरीत हे जमतं, पण कागदावर लिहितो तसं लिहून जमत नाही. शिरोरेषा गाळायची. प्रत्येक अक्षर तळहाताच्या मधोमध, एकावर एक, तर्जनीच्या टोकाने, नखाने नाही. आधी अक्षर, मग त्याची मात्रा किंवा वेलांटी तिच्या जागी. शब्द संपला की तळहात एकदा पुसल्यासारखा करायचा. शिरोरेषा नसल्यामुळे 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत गोंधळ होतो, कारण यांतला फरकच रेषा तुटते की नाही यावर अवलंबून. 'ख' हा 'रव' वाटतो. जोडाक्षरं टाळायची: 'डॉक्टर'ऐवजी 'तपासणी', 'नाश्ता'ऐवजी 'पोहे'. रोजची वीसेक वाक्यं लिहायची वेळच येऊ नये म्हणून त्यांना वस्तू नेमून दिल्या: हातात चमचा दिला म्हणजे जेवण, पंचा म्हणजे आंघोळ, थेंबांची बाटली म्हणजे डोळ्यांत औषध, चप्पल म्हणजे खाली फेरी. अंध-बहिऱ्या मुलांच्या शाळांत ही पद्धत दशकानुदशकं चालत आली आहे. मुंबईत हेलन केलर इन्स्टिट्यूटने १९७७पासून अशा मुलांसोबत काम केलं आहे. वयस्कांसाठी ती वापरायला कुणी मनाई केलेली नाही, फक्त 'लहान मुलासारखं वागवतात' असं त्यांना वाटू नये म्हणून वस्तू त्यांनाच निवडू द्याव्यात.

बंड्यासाठी आधी वास. त्याच्या नाकापुढे चार बोटं अंतरावर हात धरायचा आणि नाकपुड्या हलेपर्यंत थांबायचं. मग उजव्या खांद्यावर सपाट हात. डोक्यावर वरून हात कुणीच ठेवायचा नाही. आंधळ्या कुत्र्याला तो हल्ला वाटतो. नंतर खुणा: छातीवर तळहात म्हणजे थांब, हनुवटीखालून पुढे बोट फिरवलं म्हणजे चल, कंबरेवर दोन थापा म्हणजे बस. शिकवताना खूण आधी, खाऊ लगेच मागोमाग. एका वेळी एकच खूण, आठ-दहा वेळा, दोन-तीन मिनिटांत आटपायचं, दिवसातून तीनदा. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे पुरतात. घरच्यांची चूक अशी झाली की नातू कंबरेवर थापटायचा, मुलगा पाठीवर, आणि दोघांचा अर्थ 'बस'. आठवडा वाया गेला. मग खुणांची यादी फ्रिजच्या दारावर लावली.

फिरायला नेताना गळ्यातला पट्टा काढून छातीवरचा हार्नेस घातला. गळ्याचा पट्टा ओढला गेला की डोळ्यातला दाब वाढतो, आणि बंड्याच्या डोळ्याला ते परवडणारं नाही.

पलंगाच्या पायाशी

मूळ प्रश्न रात्रीचा होता. आजींना दोनदा उठावं लागतं, बंड्याला आजींच्या पलंगापाशीच झोपायचं असतं. त्याच्या गळ्यात घुंगरू बांधायची सूचना आली. ते आजींना ऐकू येणार नाही. रात्रीचा दिवा लावला. तो ऑपरेशननंतर आजींच्या कामाला आला, बंड्याच्या नाही. जमिनीवर पाय आपटून कुत्र्याला उठवायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तो लाकडी फरशीच्या घरांतला आहे. स्लॅबवर बसवलेल्या टाइल्समधून थरथर फारशी पुढे जात नाही. आजींनी कितीही पाय आपटले तरी दोन हातांवरचा बंड्या घोरतच होता.

लाकडी पलंगातून मात्र ती जाते. म्हणून दीड बाय दोन फुटांची प्लायवूडची फळी घेतली, तिच्या कडा घासून गोल केल्या आणि पायथ्याच्या बाजूला, पलंगाच्या पायाला घट्ट टेकवून ठेवली. तीच बंड्याची झोपायची जागा. आजींनी उठण्याआधी पलंगाच्या कडेच्या पट्टीवर तीन थापा मारायच्या. शिकवताना बंड्या फळीवर जागा असताना तीन थापा आणि लगेच नाकापाशी खाऊ. चार-पाच दिवसांत थाप पडली की मान वर होऊ लागली. मग पेंगत असताना. मग खाऊ फळीवर न देता भिंतीच्या बाजूला, म्हणजे थाप ऐकून, किंवा खरं तर अंगाला जाणवून, तो उठून भिंतीकडे सरकू लागला. आजींनी थापांनंतर दहा अंक मोजायचे आणि पाय उचलून न टाकता फरशीवरून घासत पुढे न्यायचे. कुत्रा तिथे असलाच तर तो ढकलला जातो, तुडवला जात नाही.

हे बसलं असं वाटत असतानाच मोडलं. बंड्या फळी सोडून पलंगाखाली मधोमध झोपू लागला. कारण साधं होतं: फळीवर माया म्हणून जाड गोधडी घातली होती आणि महिना मे होता. थंड टाइल्स कुठल्याही कुत्र्याला गोधडीपेक्षा प्रिय. गोधडीमुळे थापही कमी पोचत होती. गोधडी काढली, एक पातळ सुती चादर खिळ्यांऐवजी चिकटपट्टीने बसवली, आणि पलंगाखालची जागा दोन ट्रंका सरकवून बंद केली.

बोळ तीन फुटी. उजव्या भिंतीला आजींसाठी दीड इंच व्यासाचा स्टीलचा पाइप, जमिनीपासून ३४ इंचांवर, भिंतीपासून दोन इंच सुटा, नाहीतर बोटं चेपतात. डाव्या भिंतीलगत बंड्यासाठी फूटभर रुंदीची काथ्याची पट्टी. ती चारही कडांनी फरशीला चिकटवलेली, कारण सुटी पट्टी म्हणजे आजींच्या पायाला अडकण्याचं हमखास साधन. बंड्या पट्टीवरून चालतो कारण तिच्या टोकाला त्याचं पाणी आहे. पाण्याचं भांडं स्वयंपाकघरातून हलवून सुक्या बाल्कनीत ठेवलं. आंधळा कुत्रा भांड्यात पाय घालतो, पाणी सांडतं, आणि आजी घसरतात. वासाच्या खुणांसाठी कुणी निलगिरीचं किंवा टी ट्रीचं तेल सुचवेल, कुणी डांबराच्या गोळ्या. तिन्ही कुत्र्याला विषारी आहेत. पायाखालचा पोत पुरतो.

यंत्र आणि कुत्र्याचे दात

आजींना कानामागे बसणारं यंत्र घेतलं. कानात लपणारं छोटं यंत्र नातेवाइकांना आवडतं, पण बोटांना ते सापडत नाही. उजवं लाल, डावं निळं ही खूण डोळसांसाठी. उजव्यावर फॅब्रिक ग्लूचा एक उंचवटा केला की बोटाला कळतं. १३ नंबरची बॅटरी, केशरी स्टिकरची, आठवडा ते दोन आठवडे चालते. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बसवायची. डोंबिवलीच्या हवेत रात्री बॅटरीचं झाकण उघडून यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवावं लागतं, नाहीतर पावसाळ्यात आवाज तुटतो. सतत शिट्टी येत असेल तर यंत्र बिघडलेलं नसतं बहुतेक वेळा. कानात बसणारा साचा सैल असतो किंवा कानात मळ असतो.

डबी ठेवायची ती कपाटाच्या वरच्या खणात. उशाशी अजिबात नाही. कुत्र्यांना श्रवणयंत्र चावायला अतोनात आवडतं, आणि बहिऱ्या बंड्यालाही, कारण त्याला ओढतो तो कानातल्या मळाचा वास. यंत्र गेलं तर पैसे गेले. बॅटरी गिळली तर ती काही तासांत अन्ननलिका जाळू शकते. अशा वेळी कुत्र्याला उलटी करवायची नाही, सरळ पशुवैद्य गाठायचा. काढलेल्या बॅटऱ्या झाकणाच्या बरणीत, आणि बरणीतल्या मोजून टाकायच्या.

यंत्र लावलं म्हणजे घर बोलायला मोकळं, असं नाही. तीन फुटांच्या आत, एका वेळी एकाने, टीव्ही आणि मिक्सर बंद करून. नाही कळलं तर तेच वाक्य पुन्हा मोठ्याने म्हणायचं नाही, शब्द बदलायचे. ऑपरेशननंतर डाव्या डोळ्याला मधलं बरं दिसतं, कडा अजून काळ्याच, त्यामुळे बोलणाऱ्याने नाकासमोर बसायचं, तोंडावर उजेड घेऊन. खिडकीकडे पाठ करून बसलेल्याचे ओठ दिसत नाहीत.

जेवणाचा बदल लहान, पण सगळ्यात लवकर जाणवला. स्टीलच्या ताटात पांढरा भात म्हणजे चकाकीवर चकाकी. गडद निळ्या मेलामाइनच्या ताटात तोच भात दिसतो. ताटातल्या जागा ठरलेल्याच: भात खाली, भाजी उजवीकडे वर, कोशिंबीर आणि मीठ डावीकडे. आपल्याकडे पान वाढायची शिस्त मुळात होतीच, फक्त ती रोज पाळली. काचबिंदूच्या थेंबांच्या दोन बाटल्यांपैकी एकीला रबरबँड, दुसरीला नाही. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं, आणि थेंब टाकल्यावर नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा.

गॅलरीतली मुलं

ऑपरेशनच्या आधी आजी सांगत होत्या की गॅलरीत रंगीत कपड्यांतली छोटी मुलं उभी दिसतात, काही बोलत नाहीत. सून हादरली होती. कुणी नारळ उतरवायला सांगितलं. नजर खूप कमी झालेल्या माणसांना असं दिसतं, त्याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. डोळ्यांकडून काही येईनासं झालं की मेंदू स्वतःच चित्रं काढतो. बहिऱ्या माणसांना अशीच जुनी गाणी, भजनं ऐकू येतात. ओळखायचं कसं? चित्रं मुकी असतात, माणूस बाकी शहाणं असतं, आणि ती खरी नाहीत हे त्याला सांगितलं की पटतं. डोळे मिचकावले, दिवा लावला, नजर फिरवली की बऱ्याचदा विरतात. भीती वाटते ती चित्रांची नाही, 'मला वेड लागलं म्हणतील' याची. त्यामुळे किती जणी सांगतच नाहीत. आजींची मुलं मोतीबिंदू निघाल्यावर हळूहळू दिसेनाशी झाली. चित्रं बोलू लागली किंवा आजी त्यांना घाबरू लागल्या असत्या तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं होतं.

गणपतीत काय झालं

भाद्रपदात पाच दिवसांचा गणपती. हॉलमधला सोफा हलला, मखर आलं, पाण्याचं भांडं 'पायात येतं' म्हणून उचललं गेलं. बंड्या दोन दिवस एकाच कोपऱ्यात अडकून उभा राहायचा आणि फरशीवर शू करायचा. कापूर-धूप-अगरबत्तीने तासन्‌तास बाकीचे वास दबले होते, म्हणजे त्याचा उरलेला नकाशाही पुसला गेला. पाहुण्यांनी वरून पाठीवर हात फिरवले. त्यातल्या एकाच्या बोटाला दात लागता लागता राहिले. आजींच्या यंत्रात झांजा इतक्या कर्कश घुसल्या की त्यांनी ते काढलं आणि मग परत लावलंच नाही, कारण पाहुण्यांच्या गलक्यात असंही काही कळत नव्हतं.

पुढच्या सणासाठी ठरलेलं: बंड्या आरतीच्या वेळी बेडरूममध्ये, फळीवर, सुनेच्या वापरलेल्या साडीसोबत. भांडं आणि काथ्याची पट्टी जागची हलणार नाही, मखर त्यांच्याभोवती बसवायचं. आजींचं यंत्र आरतीपुरतं काढून डबीत, आरती झाल्यावर नातवानेच परत लावायचं; आणि पाहुण्यांनी एकेकाने आजींशेजारी बसायचं. दिवाळीत फटाके बंड्याला ऐकू येत नसले तरी खिडक्यांची थरथर आणि दारूचा वास कळतोच, तेव्हा 'त्याला काय, बहिरा तर आहे' हे चालणार नाही.

जाता जाता एक सांगणं भाग आहे. बंड्याचं म्हातारपण टाळता आलं नसतं, पण काही पिल्लांचं असं होणं सरळ टाळता येतं. ठिपकेदार, छटांच्या रंगाचे मर्ल कुत्रे 'रेअर कलर' म्हणून महाग विकले जातात. दोन मर्ल एकमेकांशी जुळवले तर प्रत्येक पिल्लाला दोन्हीकडून तो जनुक मिळण्याची शक्यता चारात एक, आणि अशी पिल्लं बऱ्याचदा जन्मतः बहिरी, आंधळी किंवा दोन्ही असतात. विकत घेताना आई-बाप दोघांचा रंग बघावा.

उरलेलं

कागदपत्रांत आजींचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, व्हायचं आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहुविकलांगतेखाली अंध-बहिरेपण स्पष्ट नोंदलेलं आहे, त्यामुळे डोळे आणि कान दोन्हींची तपासणी मागायची, एकाच्याच टक्क्यांवर समाधान मानायचं नाही. बाहेर जाताना पांढऱ्या काठीवर लाल पट्टे असलेली काठी घ्यावी. बऱ्याच देशांत ती अंध आणि बहिऱ्या, दोन्ही असलेल्या माणसाची खूण आहे. डोंबिवलीच्या रिक्षावाल्याला ती ठाऊक नसणार, म्हणून सध्या आजी सुनेचा किंवा नातवाचा कोपर धरून, अर्धं पाऊल मागून चालतात.

चाव्याची घटना पुन्हा झाली नाही, पण थापा विसरल्यामुळे पाय दोनदा बंड्याला लागला आहे. दोन्ही वेळा आजी अर्धवट झोपेत होत्या. पलंगाच्या पट्टीवर, हात टेकून उठतात नेमक्या त्या जागी सुतळीचा वेढा गुंडाळला आहे, हाताला लागला की थापांची आठवण व्हावी म्हणून. बंड्याच्या डोळ्यांतला दाब दर तीन महिन्यांनी मोजायचा आहे, कारण जुन्या मोतीबिंदूमुळे आत सूज येऊन पुढे काचबिंदू होऊ शकतो. कुत्र्याच्या डोळ्यातला दाब साधारण १० ते २५ मिमी पाऱ्याच्या दरम्यान हवा. तो त्यावर गेला, किंवा बंड्या जेवण सोडून डोळा भिंतीला घासू लागला, तर न दिसणारा डोळाही दुखतो हे लक्षात ठेवून तो काढून टाकण्याचा निर्णय लांबवायचा नाही.